मुंबई ते लंडन: हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घड्याळाचा घोळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बहीण लंडनला राहायला गेली तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात विमानाच्या वेळांचा जाणकार म्हणून माझी नेमणूक झाली आहे. पगार नाही, सुट्टी नाही. आई-बाबा निघाले की मामांचा फोन, ते परत यायला निघाले की शेजारच्या काकूंचा. दरवेळी तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

मुंबई ते लंडन हवाई अंतर नेमकं किती?

सुमारे ७,२०० किलोमीटर. साध्या मैलांत साधारण ४,४८०, आणि वैमानिक ज्या नॉटिकल मैलांत मोजतात त्यात ३,८९० च्या आसपास. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे अंतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंतचं आहे.

वेगवेगळ्या ठिकाणी आकडे थोडे वेगळे दिसतात, कारण कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कोणी विमानतळापासून. शिवाय कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कोणी ध्रुवांपाशी किंचित चपटी. दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर दोन्ही आकडे बरोबर समजा. ७,२०० किलोमीटरच्या प्रवासात एवढ्याने कोणाचं काही अडत नाही.

हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून काढता येईल का?

काढता येईल, पण चुकेल. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि लंडन सरळ रेषेने जोडले, तर ती वाट प्रत्यक्षात साधारण ७,४०० किलोमीटर भरते. म्हणजे ‘सरळ’ दिसणारी रेषा सुमारे दोनशे किलोमीटर लांबची निघते. गोल पृथ्वी सपाट कागदावर अंथरताना उत्तरेकडचे देश ताणले जातात, त्याचा हा परिणाम.

खरी जवळची वाट बघायची असेल तर मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा ज्या रेषेवर बसतो तिला बृहद्वृत्त म्हणतात. तो मुंबईतून वायव्येला निघतो, सिंध-बलुचिस्तानावरून इराणमध्ये शिरतो, कॅस्पियन समुद्राचा दक्षिणेकडचा कोपरा कापतो, कॉकेशसमधून काळ्या समुद्रावर येतो आणि क्रिमिया, मोल्दोव्हा, मध्य युरोप करत इंग्लंडला पोचतो. दोऱ्याचा बरोबर मध्य जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या सीमेजवळ, जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी हिच्या दक्षिणेला येतो. आमच्याकडे हा प्रयोग भाच्याने केला. तेव्हापासून आजी फोनवर विचारते, “अर्धं झालं का? जॉर्जिया आलं का?”

विमान याच वाटेने जातं का?

आता ही वाटेतल्या देशांची यादी पुन्हा एकदा वाचा म्हणजे उत्तर कळेल. पाकिस्तान, इराण, क्रिमिया, युक्रेनचा दक्षिण भाग. गेल्या काही वर्षांत आकाशाच्या दृष्टीने अवघड ठरलेली ठिकाणं एका दोऱ्यात ओवली आहेत.

युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाचं आक्रमण झालं त्या दिवशी, प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला आपली हवाई हद्द बंद केली होती, ती पूर्णपणे खुली झाली १६ जुलैला. पुढे पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंदी झाली, आणि भारतानेही ३० एप्रिलपासून पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराणचं आकाशही काही दिवस बंद होतं.

त्यामुळे मुंबईहून निघालेलं भारतीय कंपनीचं विमान बहुधा अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला जातं आणि मग अरबस्तान, इराक किंवा इजिप्त, तुर्कस्तान अशी त्या दिवशी मोकळी असलेली वाट धरतं. प्रत्यक्ष उडालेलं अंतर मग ७,४००, ७,६०० किंवा त्याहूनही जास्त भरतं. कागदावरचं अंतर तेच राहतं, वळसा तेवढा वाढतो.

मुंबईकरांना यात एक दिलासा आहे. आपल्या पश्चिमेला समुद्र आहे. दिल्लीच्या विमानाला पाकिस्तान टाळायचं म्हणजे आधी खाली गुजरातपर्यंत उतरावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. मुंबईचं विमान थेट समुद्रावर जातं, म्हणून त्याचा वळसा बराच कमी पडतो. बंदी फक्त भारतीय कंपन्यांना असेल तेव्हा ब्रिटिश कंपनीचं विमान पाकिस्तानवरून जाऊ शकतं. एकाच दिवशी, एकाच विमानतळावरून निघालेल्या दोन विमानांच्या वाटा वेगळ्या दिसतात त्या यामुळे.

मग प्रवासाला किती वेळ लागतो?

मध्ये न थांबणाऱ्या विमानाने मुंबई ते लंडन साडेनऊ ते दहा तास, कधी त्याहून थोडा जास्त. लंडन ते मुंबई साडेआठ ते सव्वानऊ. हे आकडे वेळापत्रकातले, गेटपासून गेटपर्यंतचे आहेत.

येताना वेळ कमी का लागतो? अंतर तर तेच आहे.

वाऱ्यामुळे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी जिथे प्रवासी विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण प्रदेश आणि थंड प्रदेश यांच्या तापमानातला फरक आणि पृथ्वीचं फिरणं यांतून हे वारे तयार होतात. हिवाळ्यात तो फरक वाढतो, म्हणून वारेही जोर धरतात.

दहावीच्या गणितात नाव आणि प्रवाहाचं उदाहरण होतं ना, तेच इथे. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरा, प्रत्यक्ष वाट ७,५०० किलोमीटर, आणि सगळ्या वाटेवर सरासरी ५० किलोमीटरचा वारा. जाताना वारा समोरून, म्हणून जमिनीच्या हिशेबाने वेग ८५०. वेळ ८ तास ४९ मिनिटं. येताना वारा पाठीशी, वेग ९५०, वेळ ७ तास ५४ मिनिटं. पाऊण तासाहून जास्त फरक इथेच पडला. यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं, गेटला लागणं यांचा वेळ मिळवा, की वेळापत्रकातले आकडे येतात.

गंमत अशी की वारा जाताना जेवढं घेतो तेवढं येताना परत देत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १६ तास ४० मिनिटं लागली असती. वाऱ्यासकट १६ तास ४३ मिनिटं लागतात, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. तीन मिनिटांचं हे नुकसान कोणाला जाणवत नाही, पण नावेच्या गणितात माझे मार्क याच जागी जायचे.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाताना लंडन आपणहून जवळ यायला नको का?

हा प्रश्न दरवेळी येतो, बहुतेकदा मुलांकडून आणि एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांकडून. नाही. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या लोकलमध्ये उडी मारली तर आपण डब्यात त्याच जागी उतरतो, मागच्या डब्यात पोचत नाही.

मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरते, लंडनच्या अक्षांशावर सुमारे १,०४०. हवा सोबत फिरत नसती तर कुर्ल्याच्या पुलावर उभं राहणंही जमलं नसतं.

सूर्याच्या बाबतीत मात्र हे फिरणं दिसतं. दुपारी मुंबईहून निघालात तर सूर्य खिडकीबाहेर बराच वेळ रेंगाळतो, कारण तुम्ही त्याच्याच दिशेने पळत असता. विमान त्याच्यापेक्षा हळू असल्याने शेवटी तो पुढे निघून जातो.

तिकिटावर जाताना साडेचार तास आणि येताना साडेचौदा तास दिसतात. छापायची चूक आहे का?

चूक नाही. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सोयीचे आकडे घेऊन सांगतो. हिवाळ्यात पहाटे २ वाजता मुंबईहून निघालात, दहा तासांनी उतरलात. मुंबईत तेव्हा दुपारचे १२ वाजलेले असतात, पण लंडन साडेपाच तास मागे, म्हणून तिकिटावर सकाळचे साडेसहा. २ ते साडेसहा, साडेचार तास वाटतात. परत येताना रात्री ९ ला लंडनहून निघालात, नऊ तास लागले. लंडनला पहाटेचे ६, मुंबईत सकाळचे साडेअकरा. रात्री ९ ते दुसऱ्या दिवशी साडेअकरा, साडेचौदा तास.

आता माझी आवडती युक्ती. दोन्ही आकडे मिळवा आणि दोनाने भागा. साडेचार अधिक साडेचौदा म्हणजे एकोणीस, त्याचे अर्धे साडेनऊ. एकीकडे वजा झालेले साडेपाच तास दुसरीकडे अधिक होतात आणि हातात एका फेरीचा खरा सरासरी वेळ उरतो. जगातल्या कोणत्याही दोन शहरांसाठी हे चालतं, वेळेतला फरक माहीत नसला तरी. अट एवढीच की जाण्या-येण्याच्या मधल्या दिवसांत कुठे घड्याळ बदललेलं नको.

लंडन आपल्या साडेचार तास मागे की साडेपाच?

दोन्ही. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. उन्हाळ्यात फरक साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. आपण घड्याळाला हात लावत नाही, म्हणून त्या दोन रविवारी बहिणीचा फोन एक तास ‘उशिरा’ किंवा ‘लवकर’ येतो आणि आई काळजी करते.

हिवाळ्यात एक जुनी युक्ती चालते. काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरा, सहाचा आकडा वर. भारतातल्या घड्याळात अडीच वाजले असतील तर उलट्या घड्याळात साधारण नऊ वाजलेले दिसतात, आणि लंडनमध्ये तेव्हा नऊच वाजलेले असतात. तासकाटा जरा अलीकडे दिसतो, तेवढं समजून घ्यायचं. ही युक्ती आपल्या वेळेतल्या त्या अर्ध्या तासामुळे जमते.

जाता जाता, पूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी शहरातल्या काही लोकांनी मुंबई वेळ सोडली नाही; ती १९५५ पर्यंत तग धरून होती. तेव्हा विमानांच्या वेळा बघणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचं काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही.

विमानात घोषणा झाली की उड्डाणाचा वेळ ९ तास ५ मिनिटं. तिकिटावर तर ९ तास ५० मिनिटं आहेत. मग आपण लवकर पोचणार का?

बहुधा वेळेवर पोचणार. वैमानिक सांगतो तो चाकं जमीन सोडल्यापासून चाकं पुन्हा जमिनीला लागेपर्यंतचा वेळ. वेळापत्रकातला वेळ सुरू होतो विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हा, आणि संपतो दुसऱ्या टोकाला गेटशी उभं राहतं तेव्हा. मधल्या फरकात बऱ्याच गोष्टी बसवलेल्या असतात.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. व्यवहारात एकाच धावपट्टीवर सगळा भार असतो आणि रात्री-पहाटे रांग लागते. खिडकीतून पुढची चार-पाच विमानं मोजत बसावं लागतं.

हीथ्रोची अडचण वेगळी. तिथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत, पण गर्दी इतकी की उतरायला आलेली विमानं लंडनच्या चार बाजूंना ठरलेल्या जागी आकाशात घिरट्या घालत थांबतात. एकावर एक थर लावल्यासारखी, आणि खालचं विमान गेलं की वरचं एक पायरी खाली येतं. विंडसरचा किल्ला दोनदा डावीकडे आणि दोनदा उजवीकडे दिसला, तर समजा तुम्ही रांगेत आहात. त्यातून रात्री साडेअकरा ते सकाळी ६ या वेळात तिथे आवाजाच्या त्रासामुळे उड्डाणांवर मर्यादा आहेत. समोरचा वारा कमी लागून खूप लवकर पोचलेल्या विमानालाही त्याचा फायदा होईलच असं नाही.

वेळापत्रकात थोडी सैल जागा कंपन्या मुद्दाम ठेवतात, म्हणजे थोडा उशीर झाला तरी ‘वेळेवर’ म्हणता येतं. मला यात गैर वाटत नाही. लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त आणि अक्षता पडण्याची वेळ यांत आपण याहून जास्त अंतर ठेवतो.

दुबईमार्गे गेलं तर अंतर किती वाढतं?

ऐकून आश्चर्य वाटेल, फार वाढत नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-लंडन सुमारे ५,५००. बेरीज ७,४३० च्या आसपास. थेट अंतरापेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त, म्हणजे तीन टक्के. तुलनेसाठी, दिल्लीमार्गे गेलात तर बेरीज ७,९०० च्या जवळ जाते. नकाशावर दिल्ली लंडनच्या दिशेला आहे असं वाटतं, म्हणून अनेकजण ही वाट जवळची समजतात.

वेळ वाढतो तो जमिनीवर. दुबईला दोन ते चार तास थांबा, शिवाय एक जास्तीचं उतरणं आणि एक जास्तीचं उड्डाण. एकूण प्रवास बारा ते पंधरा तासांवर जातो. तरुण माणसाने पैसे वाचत असतील तर खुशाल असं जावं. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या सत्तरीच्या आई-वडिलांना मात्र, चार पैसे जास्त पडले तरी, थेट विमानात बसवावं असं माझं ठाम मत आहे. दीड तासाच्या थांब्यात त्या अफाट विमानतळावर दुसरं गेट शोधताना माझ्या एका काकांची जी तारांबळ उडाली, ती ऐकल्यापासून हे मत आणखी पक्कं झालं. तसं जमणारच नसेल, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. पाय धड असले तरी मागा, कारण तिच्याबरोबर वाट दाखवणारा माणूस येतो.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ एकच ना?

नाही. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही उतरणार नाही. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण विमान मध्ये एखाद्या गावी उतरू शकतं. तिकिटावर थांब्यांच्या जागी शून्य आहे का, तेवढं बघा.

पुण्याहून किती वेळ धरावा?

पुण्याहून लंडनला थेट विमान नाही, त्यामुळे मुंबईला यावं लागतं. द्रुतगती मार्गाचे चार तास धरा, घाटात ट्रक बंद पडला तर पाच. विमानतळावर तीन तास आधी. मग दहा तास विमान, आणि हीथ्रोला इमिग्रेशन, सामान, घरी जाणं यांचे दोन-अडीच तास. कोथरूडच्या दारापासून लंडनमधल्या दारापर्यंत वीस तास सहज होतात, त्यातला विमानाचा वाटा निम्माच.

पूर्वी किती वेळ लागायचा?

८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं विमान मुंबईहून लंडनला निघालं. कंपनीचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण, आणि प्रवाशांत स्वतः जे. आर. डी. टाटा होते. कैरो आणि जिनिव्हा करत ते १० जूनला लंडनला उतरलं. पंख्यांच्या इंजिनांची ती विमानं आजच्याइतकी वेगाने आणि उंच उडत नसत, आणि इंधनासाठी उतरणं भागच असे. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं आणि प्रवासाचा वेळ झपाट्याने कमी झाला.

त्याआधीच्या पिढ्या बोटीने जायच्या. सुएझ कालव्यातून मुंबई-लंडन सागरी अंतर साधारण ११,६०० किलोमीटर, आणि प्रवास काही आठवड्यांचा.

पण १९६० नंतरचा हिशेब बघा. तेव्हाची जेट विमानंही ताशी ९०० किलोमीटरच्या आसपासच उडत. थांबे गेले, विमानं मोठी झाली, इंधन कमी लागू लागलं, पण वेग जिथे होता तिथेच आहे. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडत नाही.

विमान मोबाइलवर बघत होतो आणि समुद्रावर अचानक गायब झालं. घाबरावं का?

अजिबात नाही. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर दिसणारी बरीचशी माहिती जमिनीवर लावलेल्या रिसीव्हरकडून येते. विमान आपली जागा रेडिओवरून सांगत असतं, पण रिसीव्हरच्या टप्प्यात ते असावं लागतं. अरबी समुद्राच्या मधोमध रिसीव्हर कुठून आणणार? तिथे ॲप अंदाजाने विमान पुढे सरकवतं किंवा काढूनच टाकतं. पलीकडच्या किनाऱ्याजवळ ते पुन्हा दिसायला लागतं. ॲप बंद करा, झोपा.

परत येणाऱ्या माणसाला घ्यायला घरून कधी निघायचं?

वाशी किंवा ठाण्याहून निघणार असाल तर ॲपवर विमान उतरल्याचं दिसलं की गाडी काढा. गेटला लागणं, इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅगा येणं, यात तास-सव्वातास जातोच, आणि पार्किंगचे पैसे वाचतात. बाबांना मात्र हे पटत नाही. विमान अजून तुर्कस्तानवर असतं आणि ते चपला घालून दारात उभे असतात.